बांधावरची माती जिवंत, मग बागेतली मेलेली कशी?

दिंडोरी तालुक्यातून एका ताईंचं लांबलचक पत्र आलं आहे. नाव-गाव छापू नका अशी विनंती आहे, म्हणून मजकूर आटोपून देते. ताई रसायनशास्त्रात बी.एस्सी. यजमान अंबडला कंपनीत शिफ्टमध्ये, त्यामुळे साडेतीन एकर द्राक्षबाग आणि दोन एकर कांदा हे सगळं त्या आणि त्यांचे सासरे, आप्पा, मिळून बघतात. गेल्या हंगामात घड जिरले, म्हणजे फळ न धरताच नाहीसे झाले. यंदा पांढरी मुळी, म्हणजे अन्नपाणी शोषणारी नवी मुळं, चालत नाही. एप्रिलमध्ये ताईंनी हट्टानं दोन ठिकाणची माती तपासून घेतली, एक बागेतल्या बोदाची (वेलींच्या ओळीखालचा मातीचा उंचवटा) आणि दुसरी बांधावरच्या शेवग्याखालची. बागेत सामू (pH) 8.2, सेंद्रिय कर्ब (कार्बन) 0.42 टक्के, स्फुरद (फॉस्फरस) 'खूप जास्त'. ओळखीनं एका प्रयोगशाळेत मातीतले एन्झाइमही मोजून मिळाले. डिहायड्रोजनेज आणि फॉस्फेटेज दोन्ही बागेत कमी, बांधावर कितीतरी जास्त. "आप्पांच्या तीस वर्षांच्या डीएपी-युरियानं आमची माती मारली, हे आता कागदावरच आलं," असं ताई लिहितात. एक गट म्हणतो, रासायनिक खत या छाटणीपासून पूर्ण बंद करा. दुकानदार म्हणतो, एन्झाइमची आणि जिवाणूंची बाटली ड्रीपमधून सोडा. आप्पा म्हणतात, "सोसायटीचं कर्ज डोक्यावर आहे. खत तोडलं तर बाग बसेल." घरात दोघांचं धड बोलणं नाही आणि गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, तोंडावर आली आहे. "मी काय करू?"

ताई, अहवालातले आकडे मला खरेच वाटतात. पण तो कागद आप्पांपुढे पुरावा म्हणून ठेवण्याआधी नमुने कोणत्या दिवशी, कुठून घेतले ते आठवा. एप्रिल महिना. खरड छाटणी होऊन वेलीवर पान नाही. बोद उघडा, ऊन थेट मातीवर, पाणी बहुधा मोजूनमापून. बांधावर मात्र शेवग्याची सावली, खाली पाचोळा, वर्षानुवर्षं नांगर न लागलेली माती आणि हिरव्या झाडाची चालती मुळं. या दोन जागांत फरक फक्त डीएपीचा, म्हणजे नायट्रोजन-फॉस्फरसच्या खताचा, आहे का? ओल वेगळी, सावली वेगळी, मशागत वेगळी, मुळं वेगळी, फवारण्या तर एकीकडे शंभर टक्के आणि दुसरीकडे शून्य. इतक्या गोष्टी एकदम बदललेल्या असताना दोष त्यातल्या एकीच्याच माथी मारणं बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला तरी चाललं असतं का?

त्यातही डिहायड्रोजनेज फार लहरी. हे एन्झाइम जिवंत पेशीच्या आत काम करतं, पेशी मेली की ते थांबतं. म्हणून त्यावरून मातीतल्या जिवाणू-बुरशींची त्या वेळची हालचाल कळते. प्रयोगशाळेत ओल्या मातीत टीटीसी नावाचं रंगहीन द्रव्य घालून ती 24 तास 37 अंशांवर ठेवतात. सूक्ष्मजीव जितके कामात असतील तितका लाल रंग उतरतो आणि तो रंग मोजतात. तुमचाच बोद, पाणी दिल्यावर दोन दिवसांनी तपासला असता तर आकडा वेगळा आला असता. पिशवी गाडीच्या डिकीत तापली असेल तर आणखी वेगळा. एकच आकडा घेऊन माती मेली की जगली हे ठरवता येत नाही. एकाच दिवशी, सारख्या ओलीत, शेजारशेजारच्या ओळींतून नमुने घेतले तर मात्र ही तपासणी खूप काही सांगते, आणि सेंद्रिय कर्बात फरक दिसायला लागायच्या कितीतरी आधी सांगते. म्हणून ती वाया गेली असं मी म्हणणार नाही.

फॉस्फेटेजची गोष्ट निराळी आहे. सेंद्रिय पदार्थात अडकलेला स्फुरद हे एन्झाइम सोडवतं. मुळं आणि सूक्ष्मजीव ते गरजेपुरतंच बनवतात. विरघळलेला फॉस्फेट आयता मिळू लागला की बनवणं आवरतं घेतात. तुमच्या बागेत स्फुरद 'खूप जास्त' आहे, तेव्हा फॉस्फेटेज कमी येणारच! तो आजार म्हणून वाचू नका. तो निरोप आहे की स्फुरदाचं खत आता थांबवलं तरी चालेल. आणि युरियेज, म्हणजे युरियाचं अमोनियात रूपांतर करणारं एन्झाइम, हे तर जास्त असलं म्हणजे चांगलंच असंही नाही. तुमच्यासारख्या 8.2 सामूच्या जमिनीत युरिया वर फेकला तर ते एन्झाइम त्याचा अमोनिया करतं आणि त्यातला बराचसा हवेत उडून जातो. या जमिनीत युरियेज काही नव्यानं घालावं लागत नाही, चिकणमातीच्या कणांना चिकटून ते पेशीबाहेरही टिकतं. युरिया पाण्याबरोबर मातीत उतरवणं एवढंच आपल्या हातात.

आता मुख्य समजुतीकडे येते. रासायनिक खत जिवाणूंना मारतं, हे वाक्य गावोगावच्या मेळाव्यांत इतक्यांदा ऐकू येतं की त्याला कुणी हरकतच घेत नाही. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड इथं ब्रॉडबाल्क नावाच्या शेतात 1843 पासून गव्हाचा प्रयोग चालू आहे. तिथं वर्षानुवर्षं शेणखत दिलेल्या तुकड्यात सेंद्रिय कर्ब आणि सूक्ष्मजीव सर्वांत जास्त, यात वाद नाही. पण नुसतं रासायनिक खत दिलेल्या तुकड्यात कर्ब, काहीच न दिलेल्या तुकड्यापेक्षा थोडा जास्तच आहे. कारण साधं आहे. खतानं पीक वाढलं, पिकाबरोबर मुळं आणि धसकटं वाढली, आणि तीच खाऊन मातीतले जीव जगले. आपल्याकडे भारतीय कृषी संशोधन परिषदेचे दीर्घकालीन खत प्रयोग 1970 च्या सुमारास सुरू झाले. पालमपूर, रांचीसारख्या आम्लधर्मी जमिनीत नुसतं नत्र (नायट्रोजन) देत राहिल्यावर सामू घसरला आणि पीक अक्षरशः बसलं. तिथं 'खतानं माती बिघडली' हे म्हणणं रास्त आहे. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत चुनाच इतका असतो की सामू तसा सहजी खाली येत नाही. रांचीचा धडा दिंडोरीत जसाच्या तसा लागू होत नाही.

मग तुमचे जिवाणू सुस्त का? माझं मत विचाराल तर ते उपाशी आहेत. विषबाधेचा थोडा भाग आहे, त्याकडे येतेच. पण आधी भूक.

मातीतल्या बहुतेक जीवांचं जेवण मुळांकडून येतं. पान सूर्यप्रकाशात साखर करतं, त्यातली काही मुळांपर्यंत उतरते, आणि मुळं तिच्यातला एक हिस्सा साखर, सेंद्रिय आम्लं, अमिनो आम्लं अशा रूपात बाहेर सोडतात. मुळाला लगटून असलेल्या एक-दोन मिलिमीटरच्या थरात म्हणूनच सूक्ष्मजीवांची गर्दी बाकी मातीपेक्षा कैक पटींनी जास्त असते. या थराला रायझोस्फिअर म्हणावं असं जर्मन शास्त्रज्ञ लोरेन्झ हिल्टनर यांनी 1904 मध्ये सुचवलं. पांढरी मुळी हलक्या हातानं उपटलीत तर तिला मातीचा बारीक मोजा चढल्यासारखा दिसतो. झटकला तरी जात नाही. तो थर म्हणजे हाच. मुळी तपकिरी आणि नागडी निघाली, तर एन्झाइमचा अहवाल मागवण्याआधीच उत्तर मिळालेलं असतं.

ही साखर खरोखर पानांतूनच येते याचा एक पुरावा द्राक्षवाल्यांना चटकन पटेल. तुम्ही मण्यांची फुगवण व्हावी म्हणून गर्डलिंग करता, म्हणजे सालीची अंगठी काढून साखर खाली जाण्यापासून अडवता. स्वीडनमध्ये संशोधकांनी पाइनच्या जंगलात नेमकं हेच केलं आणि मातीचा श्वास, म्हणजे तिच्यातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड, मोजत राहिले. एक-दोन महिन्यांत तो जवळपास निम्म्यावर आला. हा प्रयोग 2001 मध्ये प्रसिद्ध झाला. खत नाही, औषध नाही, फक्त मुळांकडे जाणारी साखर तुटली होती.

आता तुमच्या बागेचं वर्ष डोळ्यांपुढे आणा. दोन छाटण्या, आणि प्रत्येक छाटणीनंतर काही आठवडे वेल साठवणीवर जगते. त्या काळात मुळांना वरून फारसं काही येत नाही. ओळींमधल्या पट्ट्यात गवताची काडी दिसू नये म्हणून रोटाव्हेटर आणि तणनाशक. बाग आरशासारखी स्वच्छ ठेवणं हा आपल्या भागात इज्जतीचा विषय आहे, हे मला माहीत आहे. जाणारा-येणारा बांधावरून बघतो. पण ओळींच्या मधली ती सगळी जमीन वर्षभर जिवंत मुळांवाचून उघडी असते, आणि उरलेला बोद छाटणीच्या वेळी उपाशी. एप्रिलमध्ये घेतलेल्या तुमच्या नमुन्यानं हीच उपासमार मोजली असावी.

खतांचा काहीच दोष नाही असं मात्र नाही. आप्पांनी इथं कान द्यावा. ठिबकमधून दिलेलं खत ड्रीपरखालच्या छोट्या ओल्या गोळ्यात एकवटतं, आणि मुळं व जिवाणू दोघंही तिथंच राहतात. भरपूर 12:61:0, 0:52:34, 13:0:45 (आकडे नत्र, स्फुरद, पालाश यांच्या टक्क्यांचे) अशी खतं एकामागून एक सोडत गेलं की त्या गोळ्याच्या कडेला क्षार साचतात. बोदाच्या कडेला पांढरी पूड फुलून आलेली दिसते ना, तीच. शिवाय नत्र कोणत्या रूपात आहे यावर मुळालगतचा सामू बदलतो. मुळानं अमोनियम उचलला तर ते हायड्रोजन आयन बाहेर टाकतं आणि तो मिलिमीटरभर थर थोडा आंबट होतो. नायट्रेट उचललं तर उलट. तुमच्या 8.2 च्या जमिनीत लोह आणि जस्त वेलीला मिळत नाही, पानं पिवळी पडतात, तिथं अमोनियम सल्फेट जे काम करतं ते नायट्रेटचं खत करत नाही. म्हणजे 'नत्र किती' याबरोबर 'कोणतं' हेही विचारायला हवं.

स्फुरदाचा अतिरेक मात्र खरंच नडतो. आर्बस्क्युलर मायकोरायझा नावाची बुरशी मुळात शिरून आपले धागे मातीत लांबवर पसरते, वेलीला स्फुरद आणि जस्त आणून देते आणि बदल्यात साखर घेते. स्फुरद आयता मिळाला की वेल हा खर्च कमी करते आणि बुरशी मागे हटते. तुमच्या बागेत स्फुरद 'खूप जास्त' असताना बेसल डोसमध्ये पुन्हा डीएपी, वर 10:26:26, आणि मग ड्रीपमधून 12:61:0, यात पैसाही जातो आणि ही जोडीही मोडते. डीएपीऐवजी कोंबडीखत घालून आपण सेंद्रिय झालो असं समजणारेही भेटतात. कोंबडीखतात स्फुरद भरपूर असतो, त्यामुळे तो आकडा वाढतच जातो.

आता विषबाधेचा तो थोडा भाग. 'सगळं रासायनिक बंद' म्हणणाऱ्या गटाला एक प्रश्न विचारा, बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक, बंद करणार का? बहुधा 'नाही' म्हणतील, कारण सेंद्रिय शेतीच्या नियमांत तांब्याला मर्यादेत परवानगी असते. एक टक्का बोर्डो म्हणजे 100 लिटर पाण्यात एक किलो मोरचूद. मोरचूदात सुमारे पाव हिस्सा तांबं असतं. एकरी 400 लिटरची एक फवारणी म्हणजे एक किलो तांबं. युरिया काही दिवसांत रूप बदलतो, पिकात जातो, हवेत जातो, पाण्याबरोबर वाहून जातो. तांबं कुठंच जात नाही. वरच्या वीतभर मातीत, सेंद्रिय पदार्थाला चिकटून, वर्षावर वर्ष साठत राहतं आणि जास्त झालं की डिहायड्रोजनेजसह अनेक एन्झाइमांना दाबतं. युरोपीय संघानं म्हणूनच तांब्याला हेक्टरी सात वर्षांत 28 किलोची मर्यादा घातली आहे. आपल्या चुनखडीच्या जमिनीत तांब्याचा जोर आम्ल जमिनीपेक्षा कमी असतो, म्हणून घाबरून जाऊ नका आणि डावणी (वेलीवरचा बुरशीसारखा रोग) आलेली असताना बोर्डो सोडूही नका. पण पुढच्या माती परीक्षणात सूक्ष्म अन्नद्रव्यांबरोबर तांबंही मोजून घ्या. तीस वर्षांच्या बागेत तो आकडा डीएपीच्या बिलांपेक्षा जास्त बोलका ठरू शकतो.

तुमच्यापुढचे रस्ते आता बघू. या छाटणीपासून खत पूर्ण बंद करणं मला धोक्याचं वाटतं, आणि इथं मी आप्पांच्या बाजूनं आहे. 0.42 टक्के कर्बाच्या मातीत सेंद्रिय पदार्थातून सुटणारं नत्र फळावरच्या बागेला पुरणार नाही. पान लहान पडेल, साखर कमी बनेल, मुळांकडे आणखी कमी उतरेल. म्हणजे ज्या जिवाणूंसाठी हे करायचं तेच आधी उपाशी मरतील. कर्ब वाढायलाही वेळ लागतो. एक एकर जमिनीच्या वरच्या सहा इंच मातीचं वजन साधारण नऊ लाख किलो. त्यात कर्ब 0.1 टक्क्यानं वाढवायचा म्हणजे 900 किलो निव्वळ कर्ब मातीत टिकवायचा. शेणखतातला बराचसा कर्ब पहिल्या वर्षा-दोन वर्षांतच जिवाणूंच्या श्वासातून उडून जातो. त्यामुळे 0.42 चे 0.6 व्हायला बरीच वर्षं सातत्य लागतं. एका हंगामात करून दाखवतो असं कुणी म्हणालं तर त्याचा चहा घ्या आणि निघा.

एन्झाइमच्या बाटलीबद्दल थोडक्यात सांगते. एन्झाइम म्हणजे प्रथिन. एकरी लिटर-दोन लिटर मातीत सोडलं तर काही मातीच्या कणांना चिकटून निकामी होतं आणि उरलेलं जिवाणू खाऊन टाकतात. मातीतले एन्झाइम रोज नव्यानं बनावे लागतात, आणि ते बनवणारे म्हणजे मुळं व सूक्ष्मजीव. बाटली घेऊ नका. जिवाणूंच्या बाटलीचं तितकं सरसकट सांगता येत नाही. ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी, स्फुरद विरघळवणारे जिवाणू यांचा उपयोग होतो, पण त्यांना ओल, सावली आणि खायला सेंद्रिय पदार्थ लागतो. उघड्या तापलेल्या बोदावर सोडले आणि चार दिवसांनी तांब्याचं ड्रेंचिंग केलं, म्हणजे औषध मुळाशी ओतलं, तर पैसे पाण्यात. कृषी विद्यापीठाच्या किंवा कृषी विज्ञान केंद्राच्या ताज्या संवर्धनाची तारीख बघून घ्या, कुजलेल्या शेणखतात मिसळून चारीत (ओळीलगत खणलेल्या चरात) घाला, आणि त्याच वेळी रासायनिक खत किंवा बुरशीनाशक नको. जीवामृत करत असाल तर चालू ठेवा. त्यातला गूळ आणि बेसन हे निदान जेवण तरी आहे. पण त्याला खताचा पर्याय समजू नका.

मी तुमच्या जागी असते तर या छाटणीला चारी घेताना बागेतले शेजारशेजारचे तीन पट्टे वेगळे केले असते, प्रत्येकी चार ओळींचे, कडेची ओळ सोडून. पहिल्यात आप्पांचा नेहमीचा डोस, जसाच्या तसा. दुसऱ्यात नत्र आणि पालाश तेवढंच, पण स्फुरद शून्य. डीएपी बंद केलं की त्यातलं नत्र अमोनियम सल्फेटमधून भरून काढायचं, ते विसरू नका. तिसऱ्यात दुसऱ्यासारखंच, वर चांगलं कुजलेलं शेणखत आणि बोदावर उसाच्या पाचटाचं आच्छादन. कच्चं शेण घालू नका, हुमणी येते. पाणी आणि फवारण्या तिन्हीकडे सारख्या. बाकीच्या बागेला आप्पांचा डोस राहू द्या. एवढ्यानं कर्ज बुडत नाही. फुलोऱ्यात तिन्ही पट्ट्यांचं देठ परीक्षण (पानाच्या देठातली अन्नद्रव्यं मोजणं) करा, काढणीला ओळीनिहाय क्रेट मोजा. देठात स्फुरद कमी दिसला तर ड्रीपमधून देता येतो, ती वाट बंद होत नाही.

ओळींमधल्या पट्ट्यात सध्या जे गवत आहे ते रोटाव्हेटरनं उलथू नका, ब्रशकटरनं जमिनीलगत कापा आणि मुळं जागेवर राहू द्या. मुळांतून आलेला कर्ब वरून टाकलेल्या पाल्याच्या कर्बापेक्षा मातीत जास्त टिकतो. छाटणीनंतर मात्र गवत उंच होऊ देऊ नका, दमटपणा वाढून डावणीला आमंत्रण. पुढच्या जूनमध्ये त्या पट्ट्यात ताग किंवा धैंचा पेरा आणि फुलावर येताना कापून तिथंच पसरा. एप्रिलच्या काड्या बांधावर पेटवायच्या ऐवजी बारीक करून मातीवर पसरता येतात. त्या मातीत गाडू नका, लाकडी काडी कुजताना जिवाणू आजूबाजूचं नत्र ओढून घेतात. रोगट काड्या मात्र बागेबाहेरच.

कांद्याबद्दल तुम्ही एका ओळीतच विचारलंत, पण तिथं मुळांचा प्रश्न द्राक्षाहून नाजूक आहे. कांद्याची मुळं उथळ, विरळ, मूळकेस जवळजवळ नाहीत. त्यामुळे त्याची भिस्त मायकोरायझावर फार. कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी या कुळातली पिकं ही बुरशी मुळात घेतच नाहीत. कोबीनंतर लगेच उन्हाळ कांदा लावला, किंवा रान महिनोन्महिने मोकळं ठेवून लावला, तर बुरशीला मधल्या काळात घरच उरत नाही. शक्य असेल तिथं कांद्याच्या आधी मका, सोयाबीन किंवा मूग घ्या. हे गिरणारे-कसमाद्यातल्या कांदावाल्यांनाही लागू आहे, निफाड-येवल्याकडच्यांनाही.

राहता राहिले आप्पा. तुमच्या पत्रात 'आप्पांनी माती मारली' हे वाक्य दोनदा आलं आहे. त्यांनी डीएपी सुरू केलं तेव्हा जमिनीत स्फुरद कमी असणार आणि त्या डोसनं पीक वाढलं असणार, म्हणून तर त्यांचा त्यावर जीव. तेव्हाचा डोस तेव्हा बरोबर होता. आता साठा झाला आहे, एवढंच बदललं आहे. हे त्यांना असंच सांगा. 'तुमची पद्धत चुकली' यापेक्षा 'तुम्ही घातलेलं अजून जमिनीत शिल्लक आहे, या वर्षी तेच वापरू' हे कुठल्याही शेतकऱ्याला पटतं, आणि ते खरंही आहे. शिवाय डीएपीच्या गोणीचे पैसे वाचतात, हा मुद्दा आधी काढा. जिवाणू नंतर.

डोस घालायच्या आधीच तिन्ही पट्ट्यांचे पहिले नमुने घेऊन ठेवा, म्हणजे सुरुवात कुठून झाली ते कळेल. मग नवीन पानं पूर्ण उमलल्यावर, साधारण फुलोऱ्याच्या सुमाराला, दुसरे. पाणी दिल्यापासून सारख्याच अंतरानं, एकाच सकाळी, ड्रीपरपासून वीतभर अंतरावर, वरचा पालापाचोळा बाजूला करून सहा इंच खोल. प्रत्येक पट्ट्यातल्या मधल्या दोन ओळींत पाच-सहा ठिकाणची माती एकत्र करा. एन्झाइमसाठीची माती वाळवू नका. प्लास्टिकच्या पिशवीत ओलसरच ठेवा, थर्मोकोलच्या खोक्यात बर्फाच्या बाटलीबरोबर, आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पोचवा. फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात चालेल, फ्रीजरमध्ये नको. नेहमीच्या माती परीक्षणासाठीचा नमुना मात्र सावलीत वाळवूनच द्यायचा, दोन्हींची गल्लत होते. आणि बांधावरच्या शेवग्याखालची माती या वेळी पाठवू नका, तिचे पैसे तांब्याच्या तपासणीला वापरा.